श्रेय देण्याचं श्रेयही तिलाच

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, दोन्ही प्रकल्पांचे अधिकारी आणि कर्मचारी, खालच्या किनाऱ्यावरचे आणि आमच्या वरच्या खाडीतले मच्छीमार बंधू-भगिनी, पहिल्या रांगेत नेमकी पंख्याखालची खुर्ची मिळवून बसलेल्या आमच्या सासूबाई, आणि जिला निरोप द्यायला आपण सगळे जमलो आहोत ती आजची सत्कारमूर्ती, म्हणजे माझी धाकटी जाऊ, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी आत्ता माझी ओळख करून दिली, ‘सत्कारमूर्तींच्या थोरल्या जाऊबाई, ज्या स्वतःही याच क्षेत्रात थोडंफार काम करतात.’ थोडंफार! सूत्रसंचालक महोदय, वरच्या खाडीचा प्रकल्प मी सुरू केला तेव्हा तुम्ही शाळेत डबा नेत होतात. आणि सत्कारमूर्ती तेव्हा आमच्या घरात नव्या सूनबाई म्हणून आल्या होत्या आणि ओहोटी किती वाजता लागते हे मला विचारून समुद्रावर जात होत्या. पण असू दे. मी मनावर घेतलेलं नाही, फक्त लक्षात ठेवलं आहे.

खरं सांगू का, मला या भाषणाचं निमंत्रण आलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. जावेनं जावेचं कौतुक करायचं, तेही माइकवर, तेही सासूसमोर, हा प्रसंग शत्रूवरसुद्धा येऊ नये. मग हो का म्हटलं? कारण मला या सभागृहात एक काम आहे. उद्या सकाळी आमच्या वरच्या खाडीतले मच्छीमार एक निर्णय घेणार आहेत. त्या निर्णयावर माझा प्रकल्प टिकणार की बुडणार हे ठरायचं आहे, आणि त्याची किल्ली आमच्याकडे नाही, इथे डाव्या बाजूला बसलेल्या खालच्या किनाऱ्याच्या मंडळींकडे आहे. तेव्हा मी आज कौतुकही करणार आहे आणि मागणंही मागणार आहे. आधी कौतुक उरकून घेते.

पाहुण्यांना आमचा भूगोल सांगायला हवा. किनारा एकच आहे. वरच्या टोकाला आमची खाडी, चिखलाची, गढूळ, फोटोत काही चांगली न दिसणारी. खालच्या टोकाला धाकटीचा किनारा, पांढरी वाळू, निळं पाणी, तळाशी समुद्रगवत. घरातही तसंच. आम्ही वरच्या मजल्यावर, ती खालच्या. पाणी आधी तिच्या टाकीत चढतं, मग आमच्या. सासूबाई जेवायला आमच्याकडे असतात आणि गप्पा मारायला तिच्याकडे. मी कधी तक्रार केली? केली असेल एखाद्या वेळी, पण भांडी घासताना केली, त्यामुळे कुणाला ऐकू गेली नाही.

दोन्ही प्रकल्पांचं काम एकच. मासळी टिकावी, किनारा टिकावा आणि त्यावर जगणारी माणसं टिकावीत. पण एका किनाऱ्याला जे कळतं ते दुसऱ्याला कळत नाही. जो तो आपल्या ठेचा आपणच खातो. म्हणून प्रादेशिक केंद्रानं ठरवलं की सगळ्या किनारा-प्रकल्पांनी वर्षातून दोनदा एकत्र बसायचं आणि आपले धडे एकमेकांना सांगायचे. पहिली बैठक झाली तेव्हा काय दृश्य होतं! प्रत्येक प्रकल्प उठतोय, पडद्यावर हसऱ्या मच्छीमारांचे फोटो दाखवतोय, आलेख वर-वर चढताहेत. दिवसभर आम्ही एकमेकांचं यश ऐकलं आणि संध्याकाळी कुणाकडून काहीही न शिकता घरी गेलो. मी तर फार समाधानात गेले, कारण माझा आलेख सगळ्यांत उंच होता.

दुसऱ्या बैठकीत धाकटी उठली आणि म्हणाली, ‘आपण आजपासून एक करू या का? आधी रडगाणं, मग गाणं.’ म्हणजे काय, तर प्रत्येकानं आधी आपलं काय फसलं ते सांगायचं. का फसलं तेही सांगायचं. ते सांगून झाल्याशिवाय यशाचा फोटो लावायचा नाही. मग ती स्वतःच सांगू लागली. तिनं खारफुटीची रोपं लावली होती आणि ती नेमकी त्या वाटेवर लावली होती जिथून बायका शिंपल्या वेचायला जातात. पहिल्याच आठवड्यात बायकांनी ती उपटून, व्यवस्थित जुडी बांधून, कार्यालयाच्या दारात आणून ठेवली होती. ‘मॅडम, तुमची कोथिंबीर’ म्हणाल्या. सभागृह हसून हसून आडवं झालं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या! फसलेल्या कामाला! आता मला सांगा, अपयशात मी हिच्यापेक्षा कमी आहे का? माझ्याकडे तर कितीतरी मोठाली अपयशं होती. मी उठले, एक चांगलं घसघशीत अपयश निवडलं, आकडेवारीसकट सांगितलं. एकही टाळी नाही. मागच्या रांगेतल्या एकानं तर जांभई दिली. त्या दिवशी मला कळलं की या बाईनं माझ्यासाठी हरायलासुद्धा जागा ठेवलेली नाही.

पण ‘आधी रडगाणं, मग गाणं’ ही पद्धत रुजली, हे कबूल करावं लागेल. आज कितीतरी किनारे ती पाळतात. कुणाचं जाळं कुठे फाटलं हे इतरांना वेळेत कळतं. कौतुकाचा मुद्दा पहिला झाला. सासूबाई, मान हलवू नका, अजून बरंच बाकी आहे.

आता बोयांची गोष्ट. ही गोष्ट तिच्या तोंडून सगळ्यांनी ऐकली आहे, आज माझ्या तोंडून ऐका. खालच्या किनाऱ्यावर होड्या नांगर टाकायच्या आणि तळाचं समुद्रगवत उपटून यायचं. म्हणून तिनं पाण्यावर पिवळे बोये बसवले. तळाशी वाळूत लोखंडी खुंट पिळून घट्ट करायचा, त्याला दोर, दोराला बोया, आणि होडी त्या बोयाला बांधायची. नांगर टाकायचाच नाही. काम इतकं छान झालं की तिचा फोटो केंद्राच्या दिनदर्शिकेवर आला. मे महिन्यावर. तो महिना आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एकतीस दिवस होता. मी एप्रिलचं पान उलटलंच नाही, तर सासूबाईंनी स्वतः स्टुलावर चढून उलटलं.

मग मी काय केलं? मीही बोये बसवले. तिच्यापेक्षा जास्त बसवले. तिच्या बोयांवर नुसता क्रमांक होता, मी प्रत्येकावर ठळक अक्षरांत लिहून घेतलं, ‘वरची खाडी किनारा व्यवस्थापन प्रकल्प’. धाकटी म्हणाली होती, ‘ताई, तुझ्याकडे चिखल आहे, खुंट धरेल का ते आधी बघू या.’ मला वाटलं, हिला माझं बरं झालेलं बघवत नाही. ज्याच्या मनात जे असतं तेच त्याला दुसऱ्याच्या मनात दिसतं, दुसरं काय. पहिलं मोठं उधाण आलं आणि मऊ चिखलातून खुंट असे सुटले जसे लोण्यातून काड्या. सगळे बोये समुद्राला लागले.

तीन दिवसांनी फोन. ‘ताई, तुझे पाहुणे आलेत आमच्याकडे.’ मी म्हटलं, कोण पाहुणे? म्हणाली, ‘पिवळे आहेत, गोल आहेत, आणि प्रत्येकाच्या पोटावर तुझं नाव आहे.’ माझ्या प्रकल्पाची अख्खी फजिती रांगेनं तिच्या धक्क्यावर जाऊन लागली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आमच्या घरी त्या रात्रीच्या जेवणात आवाज फक्त ताटांचा होता, आणि खालच्या मजल्यावरून हसण्याचा. नंतर कळलं की ते टीव्हीवरच्या कार्यक्रमाला हसत होते. पण माझी रात्र तर गेलीच ना?

आता इथे माझ्यात आणि तिच्यात फरक काय, तो बघा. मी त्या बोयांकडे बघून फजिती बघितली. ती त्यांच्याकडे बघून विचार करत बसली. म्हणाली, वरून सुटलेला बोया इथे येतो, तर वरून सुटलेलं बाकी काय काय इथे येत असेल?

त्या वेळी आमच्या खाडीत एक मोठं काम चालू होतं आणि ते मी केलेलं होतं, हे कृपया सूत्रसंचालकांनी लिहून घ्यावं. खाडीच्या तोंडाशी मासळी अंडी घालायला येते. तो भाग आम्ही मासेमारीसाठी बंद केला होता. तीन वर्षं तिथे जाळं टाकायचं नाही. ‘बंद पाणी’ म्हणतो आम्ही त्याला. माणसांना त्यांच्या पायाखालची सगळ्यांत भरघोस जागा सोडायला लावणं म्हणजे काय असतं हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी दारोदार फिरले. इथे उजवीकडे बसलेले आमचे भोंगा तांडेल, म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यांत मोठ्या होडीचे प्रमुख. त्यांचा आवाज धक्क्यावरून निघतो आणि समुद्रात पोचतो, म्हणून हे नाव. त्यांनी मला पहिल्या दिवशी घराबाहेर काढलं, दुसऱ्या दिवशी दाराबाहेरच बसवलं, तिसऱ्या दिवशी चहा दिला. चहा दिला म्हणजे ऐकून घ्यायला तयार झाले. मग बाकीचे झाले. तीन वर्षं या लोकांनी शब्द पाळला. घरात चुली मंद झाल्या, होड्यांना रंग लागला नाही, पण बंद पाण्यात एक जाळं पडलं नाही.

आणि मासळी? आमच्या जाळ्यात थोडीफार वाढली. थोडीफार, सूत्रसंचालक, हा शब्द इथे चालतो. पण खालच्या किनाऱ्यावर! तिथे टोपल्या कमी पडू लागल्या. बर्फाच्या गाड्या दुप्पट येऊ लागल्या. केंद्रानं धाकटीला पुरस्कार दिला, ‘मासळीच्या पुनरुज्जीवनासाठी’. हार, चौकट, फोटो. ते स्मृतिचिन्ह त्यांच्या दिवाणखान्यात ठेवलंय, जिन्यावरून आमच्याकडे जाताना बरोबर नजरेत येतं. मी हल्ली जिना चढताना भिंतीकडे बघून चढते.

पुरस्कार मिळाल्यावर तुम्ही-आम्ही काय केलं असतं? गप्प बसलो असतो. या बाईनं काय केलं? बोयांचा विचार तिच्या डोक्यातून गेला नव्हता. तिनं लाकडाच्या चकत्या रंगवून माझ्याकडे पाठवल्या. ‘ताई, तू त्या बंद पाण्यात सोड, मी खाली वेचते.’ मी सोडल्या. मला काय माहीत कशाला? वाटलं, हौस आहे, करू दे. आठवडाभरात चकत्या तिच्या पुळणीवर येऊन पडल्या, आणि पुढच्या बैठकीत, सगळ्या किनाऱ्यांच्या समोर, पुरस्कार हातात असताना ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘माझं आजचं रडगाणं असं आहे की हा पुरस्कार चुकीच्या माणसाला मिळाला आहे. आमच्या जाळ्यातली मासळी ताईंच्या बंद पाण्यात जन्मलेली आहे. अंडी आणि पिल्लं प्रवाहाबरोबर खाली येतात. उपास वरच्या खाडीनं केला, जेवलो आम्ही.’

सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. माणसं डोळे पुसत होती. माझ्या शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ मला म्हणाले, ‘काय मोठ्या मनाची बाई आहे हो!’ कोण? ती! श्रेय माझं होतं, तिनं ते मला दिलं, आणि श्रेय देण्याचं श्रेयही तिलाच मिळालं. याला काय म्हणायचं तुम्ही सांगा. चोरी म्हणता येत नाही, दान म्हणवत नाही.

आणि आत्ताच प्रमुख पाहुण्यांनी आपल्या भाषणात जे सांगितलं, त्यानं तर जखमेवर मीठच चोळलं गेलं. पाहुणे केंद्राचे प्रमुख आहेत आणि धाकटी आता त्यांच्याच केंद्रात मोठ्या पदावर जाते आहे. एका किनाऱ्याचे धडे दुसऱ्या किनाऱ्याला नेऊन पोचवायचे, हेच काम. पाहुणे म्हणाले, मुलाखतीत आम्ही सर्व उमेदवारांना एकच प्रश्न विचारला, की दुसऱ्या प्रकल्पाकडून तुम्ही सगळ्यांत मोलाचं काय शिकलात? आणि या बाई पाऊण तास फक्त आपल्या थोरल्या जाऊबाईंबद्दल बोलत राहिल्या.

पाहुणे, तुम्ही सौजन्यानं एक गोष्ट गाळलीत. ती मी सांगते. त्या जागेसाठी अर्ज केलेल्यांत मीही होते. होय, सासूबाई, होते. घरी कुणाला बोलले नव्हते. मलाही तोच प्रश्न विचारला गेला. मी काय उत्तर दिलं? मी म्हटलं, आमचा प्रकल्प सर्वांत जुना असल्यामुळे शिकण्यापेक्षा शिकवण्याचे प्रसंग जास्त आले. पाहुण्यांनी मान हलवली, पाण्याचा पेला पुढे केला, आणि मला कळलं की संपलं. म्हणजे माझी स्तुती करून तिनं ती जागा घेतली, आणि मी माझीच स्तुती करून ती घालवली. बोला!

धाकटे, खाली बघू नकोस. तुला माहीत नव्हतं हे मला माहीत आहे. माहीत असतं तर तू अर्जच मागे घेतला असतास, आणि ते मला जन्मभर ऐकावं लागलं असतं. मला तुझा हेवा वाटतो. तुझ्या पांढऱ्या वाळूचा वाटतो, तुझ्या हसण्याचा वाटतो, फसलेलं काम तू पदर न सावरता चारचौघांत मांडतेस त्याचा तर सगळ्यांत जास्त वाटतो. आज बोलून टाकलं. पोटात ठेवून ठेवून ॲसिडिटी झाली होती, आता बरं वाटतंय. कौतुक संपलं.

आता मागणं.

तिनं ते मोठ्या मनाचं भाषण केलं, टाळ्या घेतल्या आणि घरी आली. पण ते भाषण आमच्या भोंगा तांडेलांनीही ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या कार्यालयात आले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. मला त्याचीच भीती वाटली. म्हणाले, ‘मॅडम, तळं राखील तो पाणी चाखील, असं आमचा बाप सांगायचा. इथे तळं आम्ही राखतोय आणि पाणी खालचे चाखताहेत. तुम्हाला हे माहीत होतं का?’ मी म्हटलं, नव्हतं. म्हणाले, ‘आता आहे ना?’

तीन वर्षांची मुदत संपली. उद्या सकाळी आमची माणसं जमणार, आणि बंद पाणी बंदच ठेवायचं की जाळी टाकायची हे हात वर करून ठरवणार. जाळी पडली तर एका हंगामात सगळं साफ होईल. आमची मेहनत तर जाईलच, आणि डावीकडच्या मंडळींनो, त्याच्या पुढच्या वर्षी तुमच्या टोपल्याही रिकाम्या होतील. माझ्या मनात एक विचार येऊन गेला नसेल असं समजू नका. होऊ दे की रिकाम्या! मग बघू दिनदर्शिकेवर कोणाचा फोटो येतो. आला विचार. जिना चढता चढता आला आणि वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत गेला. कारण ते पाणी तिचं नाही, माझं आहे. ते मी माझ्या हेव्यापायी मरू देणार नाही.

भोंगा तांडेल काल मला म्हणाले, ‘आम्ही आणखी तीन वर्षं पाणी बंद ठेवतो. पण खालच्यांनी आठवड्यातून दोन दिवस त्यांच्या पाण्यात आम्हाला जाळं टाकू द्यावं. आणि हा शब्द तुमच्या जाऊबाईंचा नको, त्या तर चालल्या. खालच्या माणसांच्या तोंडून हवा.’ धाकटीनं हीच गोष्ट आपल्या लोकांना दोनदा विचारून पाहिली आहे. तिच्यावर तुमचा जीव आहे, म्हणून तुम्ही तिला नाही म्हटलं नाहीत. हसलात, चहा पाजलात आणि ‘बघू पुढच्या हंगामात’ म्हणालात. हे तिनं मला सांगितलं, जिन्यात, आणि ते सांगताना ती हसत नव्हती.

मी तिच्यासारखी नाही. माझ्यावर तुमचा जीवबीव नाही. मला चहा नको, उत्तर हवं. खालच्या किनाऱ्याच्या मंडळींनो, आठवड्यातून दोन दिवस तुमचं पाणी आमच्या होड्यांना द्याल का? ज्यांची तयारी असेल त्यांनी हात वर करावा. आत्ता. इथे.

अध्यक्ष महोदय, मला कल्पना आहे की निरोप समारंभात असं करत नाहीत. माझी पाच मिनिटं केव्हाच संपली हेही मला दिसतंय. चिठ्ठी पाठवू नका, मी वाचणार नाही.

कुणीच नाही? ठीक आहे. मी पाणी पिते. घाई नाही.

हं, बोलीमावशी उठल्या. पाहुण्यांना सांगते, खालच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव या मावशी करतात. रोज पहाटे बोली लावतात म्हणून बोलीमावशी. यांनी हात वर केला तर बाकीचे करतील, यांनी नाही केला तर वारासुद्धा हलणार नाही. बोला, मावशी. त्यांच्याकडे माइक नाही, मी सांगते. मावशी विचारताहेत, दोन दिवस कशाला, एक पुरे नाही का?

भोंगा तांडेल, तुम्हाला माइकची गरज नाही, ऐकू आलं सगळ्यांना. तांडेल म्हणताहेत, दोन म्हणजे दोन.

मावशी म्हणताहेत, दीड. मावशी, दीड दिवस म्हणजे काय? अहो, हा लिलाव नाही! बरं, म्हणताहेत, एक पूर्ण दिवस आणि एक दुपारपर्यंत. तांडेल मान हलवताहेत. आडवी. सासूबाई, तुम्ही मध्ये बोलू नका, तुमचा यात काही संबंध नाही.

थांबा, थांबा. मावशींची दुसरी बोली आली आहे. दोन दिवस पूर्ण. पण त्या दोन दिवसांची मासळी वर न्यायची नाही, खालच्याच धक्क्यावर उतरवायची आणि लिलाव मावशींनीच करायचा. तांडेल? तांडेल म्हणताहेत, लिलाव करा, पण आमची टोपली आधी लावायची, दुपारच्या उन्हात शेवटी नाही. मावशी? मावशी म्हणताहेत, आधी लावीन, पण बर्फ तुमचा. तांडेल हसले. मी या माणसाला इतक्या वर्षांत तिसऱ्यांदा हसताना बघते आहे.

मावशींचा हात वर. अध्यक्ष महोदय, बघताय ना? मागची रांग. ते दोघं भाऊ. कोपऱ्यातल्या सगळ्या बायका. तिकडचे खांबाजवळचे. अहो, तुम्ही सूत्रसंचालक, तुम्ही मच्छीमार नाही, तुमचा हात खाली घ्या. बाकीचे राहू द्या. राहू द्या वर, मला नीट बघू द्या.

मी आता जे पाहिलं ते सांगते आणि थांबते. हात वर करण्याआधी तुमच्यातल्या प्रत्येकानं एकदा धाकटीकडे पाहिलंत. माझ्या मागण्याला हो म्हणतानासुद्धा! नाही कसं, मी इथे उंचावर उभी आहे, मला सगळं दिसतं. माझ्या पोटात दुखलंच त्यानं. पण त्या वेळी धाकटी तुमच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. जे तिनं दोनदा मागितलं आणि जे तिला मिळालं नाही, ते मला मिळताना बघत होती. ती उद्या दूर कुठल्या तरी किनाऱ्यावर दुसऱ्यांचे धडे सांगत असेल, आणि मी इथे, भोंगा तांडेलांच्या होडीतून, तिच्या निळ्या पाण्यात उतरणार आहे. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला कुणी समजावून सांगायला नको, मी त्यात पदवी घेतली आहे.

धाकटे, तुला माझा हेवा वाटला. सगळ्यांदेखत. नाही म्हणू नकोस, कान लाल झालेत तुझे.

एवढी वर्षं वाट बघितली मी याची. आता जा बाई, सुखानं जा, आणि पोचल्यावर आधी मला फोन कर, सासूबाईंना नंतर.

अध्यक्षांनी मला थांबवलं नाही, पाहुण्यांनी ऐकून घेतलं, खालच्या मंडळींनी आपलं पाणी दिलं आणि आमच्या मंडळींनी तीन वर्षं आपलं राखलं, सगळ्यांचे मनापासून आभार. निरोपाच्या कार्यक्रमात मी घरचं काढलं, बाजार मांडला, वेळेचं भान ठेवलं नाही, त्याबद्दल मला माफ करा. उद्या सकाळी आमच्याकडे हात वर व्हायचे आहेत, मला लवकर उठायचं आहे. नमस्कार.